रकान्यातला शब्द

केबिनच्या टेबलावर तीन कागद ठेवले होते. पहिला राजीनाम्याचा, माझ्या नावानं आधीच टाईप केलेला. 'वैयक्तिक कारणांमुळे' हे शब्दही त्यांनीच माझ्या वतीनं लिहून ठेवले होते. दुसरा फुल अँड फायनलचा. त्यात दोन महिन्यांचा पगार आणि तळाला 'यापुढे कंपनीकडून माझं कोणतंही येणं बाकी नाही' अशी ओळ. तिसरी त्याचीच आणखी एक प्रत. बाजूला टोपण काढून ठेवलेलं पेन.

एचआरचा मुलगा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, खाली बघून बोलत होता. "सर, आज सही केलीत तर दोन महिन्यांचे पैसे मिळतील. उद्या हे राहील का, मी सांगू शकत नाही. सही नाही केलीत तर टर्मिनेशन लिहावं लागेल. मग अनुभवाचा दाखलाही अडकेल. या वयात कशाला रेकॉर्ड खराब करून घेता?"

जुलै २०२२. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि त्या कंपनीत मला तेरा वर्षं आठ महिने झाले होते. त्या आठवड्यात आमच्यातले अकरा जण कमी केले गेले. माझ्या आधी आत गेलेले तिघं सही करूनच बाहेर आले होते. एकाच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडला होता, तो मला अजून दिसतो.

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. कायदा माहीत होता म्हणून मी सही टाळली, असं मुळीच नाही. हात पेनाकडे जाईना, एवढंच. पण पुढे जे काही झालं ते त्या न केलेल्या सहीमुळे झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या रात्री बायकोनं एक गोष्ट करायला लावली. ती म्हणाली, "जे झालं ते लिहून पाठवा त्यांना. तोंडी बोलण्याला कोण विचारतंय?" मी कंपनीला चार ओळींचा ईमेल केला. आज मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. मी राजीनामा दिलेला नाही. मी उद्या नेहमीप्रमाणे कामावर येत आहे. दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं, तेव्हा तेही ईमेलनं कळवलं आणि त्याच मजकुराचं पत्र पोच पावतीसह रजिस्टरनं पाठवलं. पुढे वकील मॅडमनी आधी हेच दोन कागद बघायला मागितले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र भीतीत गेले. नोकरी गेलेल्या माणसाला सल्ला द्यायला सगळेच पुढे येतात, आणि जवळजवळ प्रत्येक सल्ला एकाच म्हणीवर येऊन थांबतो: शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण मी त्या दिवसांत इतक्या जणांकडून ऐकली की ती मला घरातल्याच माणसासारखी वाटायला लागली. सांगणाऱ्यांच्या मनात माझं भलंच होतं. तरीही मला आता ठामपणे वाटतं की या म्हणीनं पगारदार माणसाचं फार नुकसान केलंय. कारण ती कोर्टाबद्दल सांगते आणि आपण ती कायद्याबद्दल ऐकतो. कोर्टाची पायरी चढायच्या कितीतरी आधी विचारण्यासारखे प्रश्न असतात, आणि ते विचारायला पायरी चढावी लागत नाही.

पण विचारायचं कुणाला? एका नातेवाइकांच्या ओळखीचे वकील होते, जमिनीच्या दाव्यांत नावाजलेले. त्यांनी कागद न उघडताच सांगितलं, पंचवीस हजार भरा, नोटीस काढू, पुढचं पुढे. पगार थांबलेल्या माणसाला पंचवीस हजार म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी. दुसरा एक गृहस्थ भेटला, तो वकीलही नव्हता, वकिलांकडे माणसं आणून देणारा. तो म्हणाला, आत्ता एक पैसा देऊ नका, जे मिळेल त्यातले तीस टक्के आमचे. ऐकायला सोयीचं वाटलं. मग कळलं की निकालात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. जो पहिल्याच भेटीत नियम मोडून बोलतो, तो पुढे आपल्या बाजूनं किती राहील, हा विचार करून मी ते दार सोडलं.

तिसऱ्या वकिलांबद्दल मला कृतज्ञताच आहे. वयस्कर होते. मी फोनवर म्हटलं, "केस करायची की नाही ते ठरलेलं नाही, मला फक्त सल्ला हवाय. त्याचे किती घेता?" ते म्हणाले, "हा प्रश्न लोकांनी आधी विचारला तर माझा अर्धा वेळ वाचेल." पुढे म्हणाले, "आत्ता येऊ नका. आधी एका कागदावर तारखा लिहा. रुजू कधी झालात, हुद्दा कधी बदलला, शेवटचा पगार कधी, काढलं कधी, कोण काय म्हणालं. त्या तारखांच्या क्रमानं कागद लावा. मग या. नाहीतर माझ्या तासातली पन्नास मिनिटं तुमचे कागद शोधण्यात जातील आणि पैसे तुम्हाला पूर्ण तासाचे पडतील."

मी तो कागद तीनदा लिहिला. पहिल्यांदा त्यात राग जास्त होता आणि तारखा कमी. दुसऱ्यांदा कंपनीसाठी केलेल्या कष्टांची यादी झाली. तिसऱ्यांदा लिहिताना मी स्वतःला एकच अट घातली: ज्या वाक्याला तारीख नाही ते वाक्य खोडायचं. उरल्या एकोणीस ओळी. तेरा वर्षं आठ महिने एकोणीस ओळींत मावले हे बघून घशात काहीतरी अडकलं, पण डोकं पहिल्यांदा शांत झालं. त्या कागदाच्या झेरॉक्स मी नंतर प्रत्येक ठिकाणी दिल्या.

त्या वयस्कर वकिलांकडे मात्र मी गेलोच नाही. कारण मध्येच बायकोनं १५१०० हा नंबर काढला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मोफत हेल्पलाइन. "फोन तरी करून बघा," ती म्हणाली. माझ्या मनात फुकटच्या वकिलाबद्दल तेच होतं जे बहुतेकांच्या मनात असतं: ते आरोपींसाठी असतं, निराधारांसाठी असतं, आपल्यासाठी नाही. फोनवरच्या बाईंनी कामाचं स्वरूप विचारलं आणि सांगितलं, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, ओळखपत्र आणि नोकरीचे कागद घेऊन जा.

खोली लहान होती. भिंतीला बाकं, एक टेबल, फायलींचं कपाट. बाकावर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पलीकडे एक तरुण मुलगा, त्याच्या हाताला प्लास्टर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. उगाचच. टेबलामागे विधी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी अर्ज पुढे केला. मी वाचायला लागलो आणि उत्पन्नाच्या मर्यादेपाशी थांबलो. ही मर्यादा प्रत्येक राज्य ठरवतं. माझा पगार महिन्याला चौतीस हजार होता आणि वर्षाचा हिशेब मर्यादेच्या वर जात होता. मी अर्ज परत सरकवला. म्हटलं, "ताई, मी यात बसत नाही."

त्यांनी अर्ज फिरवून माझ्यापुढे धरला आणि वरच्या ओळींवर बोट ठेवलं. "सगळ्यांना उत्पन्न लागत नाही. स्त्रियांना नाही, मुलांना नाही, अनुसूचित जाती-जमातींना नाही, अपंगांना नाही. आणि हे बघा." तिथं लिहिलं होतं: औद्योगिक कामगार. "तुम्ही कामगार आहात ना?"

मी लगेच म्हणालो, "नाही. मी असिस्टंट मॅनेजर आहे."

हे उत्तर माझ्या तोंडून किती वेगानं आलं, त्याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला.

माझे वडील कामगार होते. निळा गणवेश, कॅनव्हासचे बूट, पाळी बदलली की घराचंच घड्याळ बदलायचं. त्यांना एकच हौस होती, मुलानं शॉपवर नाही, ऑफिसात बसावं. मी आधी स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागलो, मग सीनिअर असिस्टंट, आणि २०१७ मध्ये 'असिस्टंट मॅनेजर – डिस्पॅच'. पगारात बाराशे रुपये वाढले आणि ओळखपत्राची दोरी निळ्याऐवजी काळी झाली. वडिलांनी ते ओळखपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं होतं. आमच्या कंपनीत 'स्टाफ' आणि 'वर्कर' यांची बस एकच होती, पण पुढच्या रांगा आमच्या होत्या. कुणी तसं लिहून ठेवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

त्या एका शब्दापासून वर यायला आम्हा बापलेकांना दोन पिढ्या लागल्या होत्या, आणि टेबलापलीकडच्या ताई मला तोच शब्द परत देऊ करत होत्या.

त्यांनी वाद घातला नाही. "मॅडमना भेटा, त्या ठरवतील," म्हणाल्या. अडीच तास थांबलो. पॅनेलवरच्या वकील मॅडम तिशीतल्या असतील, हातात जाड फाईल, बाहेर आणखी सहा जण वाट बघत. माझ्या वाट्याला वीस मिनिटं होती. मोफत विधी सेवेबद्दल खरं सांगायचं तर हीच तिची अडचण आहे: माणसं कमी, कामं फार. कुठे मनापासून काम करणारा वकील मिळतो, कुठे तारखेला उभा राहण्यापुरता. तिथं तो एकोणीस ओळींचा कागद उपयोगी पडला. मॅडमनी तो दोन मिनिटांत वाचला आणि उरलेली अठरा मिनिटं प्रश्न विचारले.

"कुणाची रजा मंजूर करायचात?"

"माझ्याकडे दोन मुलं होती. पण त्यांची रजा वरचे साहेब मंजूर करायचे. मी फक्त अर्ज पुढे पाठवायचो."

"कुणाला मेमो दिलात कधी?"

"नाही."

"कुणाला नोकरीवर घेतलं, काढलं, कुणाचं मूल्यमापन केलं?"

"नाही."

"खरेदीच्या ऑर्डरवर सही?"

"नाही. मी टाईप करायचो, सही साहेबांची."

"दिवसभर मग काय करायचात?"

मी सांगितलं. सकाळी गाड्यांची यादी, चलनं, ई-वे बिल, वजनकाट्याच्या पावत्या जुळवणं, संध्याकाळी रजिस्टरला नोंद. कधी माणूस कमी असला तर खोकी मोजायला स्वतःच उभं राहणं. रजिस्टरची गोष्ट निघाली तेव्हा मी मोबाईलमधला एक फोटो दाखवला, मागे कधीतरी एका गाडीच्या वादात काढून ठेवलेला. पानभर माझं अक्षर होतं, आणि तळाला 'तपासले' या शब्दापुढे साहेबांची सही.

मॅडमनी तो फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "कायदा हुद्दा बघत नाही, काम बघतो. कार्डावर मॅनेजर लिहिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही. तुम्ही लिपिकाचं काम करत होतात. तुम्ही कामगार आहात."

त्यांनी समजावलं ते असं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीबरोबर तांत्रिक, कारकुनी आणि पर्यवेक्षणाचं कामही येतं. प्रत्यक्ष व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर. पर्यवेक्षण करणाऱ्याला पगाराची मर्यादा आहे, तेव्हा ती दहा हजार होती. लोक इथंच फसतात. दहा हजारांच्या वर पगार म्हणजे कामगार नाही, असं सर्रास सांगितलं जातं, आणि एचआरलाही ते सोयीचं असतं. पण ती मर्यादा फक्त पर्यवेक्षकाला आहे. कारकुनी किंवा तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. चौतीस हजार घेणारा कारकूनही कायद्याच्या नजरेत कामगारच.

आणि कामगार असण्यानं काय फरक पडतो, तर त्याच वीस मिनिटांत त्यांनी माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. ज्यानं वर्षभर सलग काम केलंय त्याला कमी करायचं तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर त्या महिन्याचा पगार. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे माझी तेरा वर्षं आठ महिने झाली चौदा. चौदा वेळा पंधरा दिवस, सात महिन्यांचा पगार. नोटिशीचा एक. आठ. ग्रॅच्युइटी यातली नव्हेच. ती पाच वर्षं झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, हुद्दा काहीही असो, आणि तिचा हिशेब वेगळा. शिवाय कमी करताना त्या कामातला शेवटी आलेला माणूस आधी, हा नियम. तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. मी तेरा वर्षांचा जुना, आणि दीड वर्षापूर्वी आलेला मुलगा माझ्याच खुर्चीवर बसलेला.

"आणि राजीनामा दिला असता तर?" मी विचारलं.

"तर ही कपात, म्हणजे कंपनीनं कामावरून कमी करणं, धरली गेली नसती. राजीनामा हा तुमचा निर्णय ठरतो. म्हणूनच तो कागद त्यांनी आधी टाईप करून ठेवला होता."

त्या वाक्यानंतर काही क्षण मला काहीच ऐकू आलं नाही. शाईचा डाग पडलेला तो खिसा डोळ्यांसमोर होता.

बाहेर येऊन मी ताईंच्या टेबलाशी गेलो आणि अर्ज परत मागितला. प्रवर्गाचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं: कामगार. हात थोडा थांबला, नाही म्हणणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८८४ मध्ये एकत्र आणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली, हे मी शाळेपासून ऐकत आलो होतो. ती सुट्टी मी स्टाफ म्हणून आयुष्यभर घेतली. नोटीस, भरपाई, जुन्याला आधी हात न लावण्याचा नियम, हे सगळं त्याच शब्दाच्या आधारानं उभं राहिलेलं. आणि मोफत वकील मिळतो तो उपकार म्हणूनही नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३९-अ आला, पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये म्हणून. त्यावर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि त्याच्या बाराव्या कलमात औद्योगिक कामगार हे शब्द बसले. मी दारात उभा राहून ज्याला भीक समजत होतो, तो माझ्या नावावर आधीपासून लिहिलेला हक्क होता.

माझ्याबरोबर काढलेल्या अकाउंट्समधल्या एक मॅडम खरोखरच व्यवस्थापक होत्या. पाच माणसांच्या रजा, मूल्यमापन, सगळं त्यांच्या सहीनं चालायचं. त्या कामगाराच्या व्याख्येत बसत नव्हत्या आणि त्यांच्यासाठी ही भरपाईही नव्हती. त्यांचा आधार नेमणुकीचा करार: त्यात तीन महिन्यांची नोटीस होती, कंपनी एकाच महिन्याचे पैसे देत होती. पण स्त्री म्हणून त्यांना उत्पन्नाची अट न लागता तिथंच वकील मिळाला, एक नोटीस गेली, आणि तीन महिन्यांचे पैसे आणि ग्रॅच्युइटी मिळाली. त्यांना तर मी फक्त पत्ता सांगितला होता.

माझं पुढचं काम सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. समेटासाठी, म्हणजे कोर्टाआधी तिथल्या अधिकाऱ्यांसमोर तडजोड घडवण्यासाठी, अर्ज द्यायला फी नाही. मॅडमनी मसुदा करून दिला आणि एक गोष्ट सांगितली जी ऐकून मी घाबरलो: "बैठकीला मी येऊ शकत नाही. समेटाच्या कामात वकील चालत नाही, दोन्ही बाजूंचा." मला वाटलं, संपलं. त्या हसल्या नाहीत, पण आवाज मऊ केला. "हे तुमच्या फायद्याचं आहे. कंपनीलाही मोठा वकील आणता येणार नाही. तो एचआरचा मुलगा असेल आणि तुम्ही असाल."

एकटा गेलो नाही मात्र. आमच्याकडे युनियन नव्हती. पण याच धंद्यातल्या दुसऱ्या कारखान्यातल्या युनियनचे एक जुने पदाधिकारी होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कायद्यात अशा पदाधिकाऱ्याला कामगाराच्या वतीनं उभं राहता येतं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांच्याकडे गेलो आणि स्टाफ म्हणून पुढच्या रांगेत बसणारा मी, त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेला बसलो. त्यांनी चौकशी केली ती एवढीच: "सही केलीस का कुठं?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग चल. आणि तिथं रडायचं नाही, ओरडायचं नाही. तारीख सांगायची आणि गप्प बसायचं."

पहिल्या बैठकीला कंपनीकडून कुणी आलंच नाही. दुसरीला तो मुलगा आला आणि म्हणाला, हे मॅनेजर आहेत, हा वाद इथं चालतच नाही. अण्णांनी मला कोपरानं खूण केली. मी रजिस्टरच्या पानाची प्रिंट पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती बराच वेळ बघितली आणि मुलाला विचारलं, "यांच्या सहीनं मंजूर झालेला रजेचा एक अर्ज पुढच्या तारखेला आणा." पुढच्या तारखेला असा अर्ज आला नाही. असा अर्ज नव्हताच.

तिसऱ्या बैठकीत तडजोड झाली. आठ महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी वेगळी, अनुभवाचा दाखला. मी नोकरी परत मागण्याचा हट्ट सोडला. काही जण म्हणाले, लढायला हवं होतं. कायद्याची पूर्तता न करता केलेली कपात बेकायदा ठरू शकते हे खरं, पण न्यायालयं आता पुष्कळदा पुन्हा कामावर घेण्याऐवजी भरपाई देतात, आणि तोवर वर्षं जातात. घरात दोन मुलं शिकणारी होती. हा माझा हिशेब होता. दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

समेटाचा करार टाईप होत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "नावापुढे काय लिहू? असिस्टंट मॅनेजर?" एचआरच्या मुलानंही मान वर केली.

"कामगार लिहा," मी म्हटलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

ही हकीकत जुन्या कायद्यातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता २०२० नं घेतली. पंधरा दिवसांचं सूत्र तिथंही आहे. पर्यवेक्षकाची मर्यादा दहाची अठरा हजार झाली. कपात झालेल्याला पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचा पगार पंचेचाळीस दिवसांच्या आत खात्यात मिळायची तरतूद आली. वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामकाजी दिवसांत राहिलेला पगार द्यायचा आहे. पण एक गोष्ट कमी झाली आहे, आणि मला तिचीच काळजी वाटते: वाद मांडायला पूर्वी तीन वर्षं होती, आता दोन. नोकरी गेलेला माणूस पहिलं वर्ष दुसरी नोकरी शोधण्यात आणि लोकांना तोंड चुकवण्यात घालवतो. माझ्या बरोबरच्यांनी तेच केलं.

त्यातल्याच एकाचा, शर्टाला डाग पडलेल्याचा, फेब्रुवारी २०२५ मध्ये फोन आला. अडीच वर्षांनी. दोन महिन्यांचे पैसे कधीच संपले होते. "माझं काही होईल का?" मी खोटं काही सांगितलं नाही. राजीनामा जबरदस्तीनं घेतला हे त्यालाच सिद्ध करावं लागणार, आणि ते अवघड आहे. पण जुन्या कायद्यातली तीन वर्षं संपायला पाच महिने होते. मी विचारलं, "त्या दिवशीचं काही आहे? मेसेज, काहीही?" तो म्हणाला, फोन बदलला. दोन दिवसांनी परत फोन आला. जुना हँडसेट पोरानं खेळायला घेतला होता, चार्ज केल्यावर चालू झाला. त्यात त्या दिवशी दुपारी आलेला मेसेज होता: पाच वाजेपर्यंत सही झाली नाही तर टर्मिनेशन तयार आहे.

त्याला मी सांगितलं, ज्या वाक्याला तारीख नाही ते खोड. पुढच्या मंगळवारी आम्ही त्या लहान खोलीत बाकावर बसलो होतो. त्याचा कागद अकरा ओळींचा होता. जून २०२५ मध्ये त्याचा अर्ज कामगार न्यायालयात दाखल झाला, तारखा पडताहेत, निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. मला मात्र तो मंगळवारच आठवतो. ताईंनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. तो आमच्याकडे 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह' होता. प्रवर्गाच्या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी काही बोललो नाही. ताईंनी टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. या वेळी घाई करणारं तिथं कुणी नव्हतं.